कुरूप काढणाऱ्यांची विद्या

चपलेत खडा गेला असावा म्हणून माणूस थांबतो, चप्पल काढून झटकतो, तर आत काहीच नसतं. पुन्हा चार पावलं टाकली की खडा आहेच. चवडा दुखणारे कितीतरी रुग्ण आपलं दुखणं याच शब्दांत सांगतात. टाच उचलली की अंगाचा सगळा भार ज्यावर येतो, तो बोटांमागचा मांसल भाग म्हणजे चवडा. त्याच्या आत पाच लांब हाडांची डोकी शेजारी शेजारी टेकलेली असतात. त्यांतलं एखादं हाड जरा लांब असलं किंवा जरा खाली उतरलं, तर जास्तीचा भार त्याच्यावर पडतो, खालच्या कातडीला घट्टा पडतो आणि चालणं नकोसं होतं. वैद्यकात या दुखण्याला मेटाटार्साल्जिया म्हणतात. कातडीला मोठी चीर न देता, तीन-चार मिलिमीटरच्या छिद्रातून हाड कापून आज यावर शस्त्रक्रिया करता येते. ही पद्धत मोठ्या रुग्णालयांतून निघाली असं कुणालाही वाटेल. खरं तर ती कुरुपं काढणाऱ्यांच्या धंद्यातून आली आहे.

लुईस डर्लाकर हा लंडनचा असाच कारागीर. व्हिक्टोरिया राणीच्या दरबारी पाय तपासण्याचं काम त्याच्याकडे होतं. १८४५ मध्ये त्याने कुरुपं, अंगठ्याचं वाढलेलं हाड आणि नखांचे आजार यांवर पुस्तक लिहिलं. तिसऱ्या आणि चौथ्या बोटांमागच्या हाडांमध्ये उठणारी एक विशिष्ट कळ त्यात नोंदवली आणि तळपायाच्या नसेशी तिचा संबंध जोडला. त्याआधी दहा वर्षं, १८३५ मध्ये, फिलिप्पो चिव्हिनिनी या इटालियन शरीररचनातज्ज्ञाला मृतदेहाच्या पायात त्या नसेवरची गाठ दिसली होती. चिव्हिनिनीने पाहिली ती गाठ, डर्लाकरने ऐकलं ते दुखणं. मात्र नाव लागलं तिसऱ्याचंच. फिलाडेल्फियाचे सर्जन थॉमस जॉर्ज मॉर्टन यांनी १८७६ मध्ये या दुखण्यावर निबंध लिहिला आणि तेव्हापासून ते ‘मॉर्टनचं’ झालं. मॉर्टन यांच्या मते दोष चौथ्या बोटाच्या सांध्यापाशी होता, म्हणून ते तो सांधाच काढून टाकत. नसेवरची गाठ काढून रुग्णाला बरं केल्याचं शिकागोच्या होडलींनी १८९३ मध्ये लिहिलं, पण तिकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १९४० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बेट्स यांनी तेच पुन्हा मांडलं, तेव्हा कुठे ते रुजलं. कुरूप काढणाऱ्याने १८४५ मध्येच नसेकडे बोट दाखवलं होतं. त्याचं म्हणणं सर्जनांच्या जगाला पटायला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

प्रत्येक चवड्याचं दुखणं नसेचं नसतं. पुष्कळदा ते भाराच्या वाटणीचं असतं. ही वाटणी मोजली ती आणखी एका मॉर्टनने. अमेरिकन डडली मॉर्टन यांनी १९३५ च्या ‘द ह्यूमन फूट’ या ग्रंथात हिशेब मांडला की, सरळ उभं राहिल्यावर चवड्यावरच्या भाराचे सहा वाटे होतात. दोन वाटे अंगठ्यामागच्या हाडाकडे जातात, उरलेल्या चार हाडांकडे एकेक. अंगठ्यामागच्या हाडाच्या डोक्याखाली वाटाण्याएवढी दोन छोटी हाडं असतात, म्हणून त्याचे वाटे दोन. डडली मॉर्टन यांच्या मते अंगठ्यामागचं हाड आखूड असलं की त्याचा वाटा शेजाऱ्यांच्या गळ्यात पडतो. त्यांच्या सगळ्याच निष्कर्षांवर पुढे वाद झाले. तरी चवड्याकडे तराजू म्हणून पाहण्याची सवय त्यांच्यामुळेच लागली.

तराजू बिघडला की सर्जन काय करणार? जास्त दाबणारं हाड कापून डोकं वर किंवा मागे सरकवणार. लंडनचे बेसिल हेलाल यांनी १९७५ मध्ये तिरकी चीर सुचवली. हाड तिरकं कापायचं, स्क्रू न लावता मोकळं सोडायचं आणि रुग्णाला लवकर चालतं करायचं. डोकं चालता चालता आपोआप वर सरकतं, हा त्यामागचा विचार. विचार सुरेख होता, पण काही पायांत डोकं प्रमाणाबाहेर वर जाई, काहींत हाड जुळतच नसे आणि दुखणं शेजारच्या हाडाखाली जाऊन बसे.

मग नेमकेपणाची लाट आली. शिकागो भागातले लोवेल वाइल यांनी १९८५ च्या सुमाराला जवळजवळ जमिनीला समांतर अशी लांब चीर घेऊन डोकं मोजून काही मिलिमीटर मागे सरकवायला आणि स्क्रूने पक्कं करायला सुरुवात केली. बोर्डोचे लुई सॅम्युएल बारूक यांनी ती पद्धत युरोपात रुजवली. वाइलही पोडियाट्रिस्ट, म्हणजे डर्लाकरच्याच धंद्याचे आधुनिक वारस. या शस्त्रक्रियेने असंख्य पाय सुधारले, पण ती सांध्याच्या आत शिरते. २०११ च्या एका आढाव्यात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३६ टक्क्यांत बोट जमिनीला टेकायचं बंद होऊन अधांतरी राहत असल्याचं दिसलं.

दुसरी, म्हणजे छिद्राची वाट मात्र याच्या कितीतरी आधी, १९४० च्या दशकातच सुरू झाली होती. अमेरिकेत पोडियाट्रिस्टना त्या काळी बहुतेक रुग्णालयांत शस्त्रक्रियेची परवानगी नसे. जे करायचं ते आपल्याच दवाखान्यात, पाय बधिर करून, आणि रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जायला हवा. मोठी चीर त्यांना परवडणारीच नव्हती. १९४५ मध्ये मॉर्टन पोलोकॉफ यांनी बारीक छिन्न्या आणि कानशी कातडीखालून सरकवून हाडाची वाढ घासून काढायला सुरुवात केली. चवड्याच्या या गोष्टीतला हा तिसरा मॉर्टन, आणि माझ्या मते तिघांत सर्वांत दुर्लक्षित. पुढे कानशीची जागा फिरणाऱ्या दातेरी टोकाने, बरने, घेतली. पण अर्धवट शिकलेल्या हातांनी, एक्स-रेच्या चालत्या चित्राशिवाय, गरज नसलेल्या पायांवरही ही शस्त्रक्रिया होऊ लागली आणि १९८० च्या दशकात अमेरिकेत तिचं नाव पार बिघडलं. तंत्रातला दोष थोडा होता, वापरण्यातला मोठा.

ती वाचवली स्टीफन आयशम यांनी. ते पोडियाट्रिस्टही होते आणि वैद्यकीय डॉक्टरही, त्यामुळे दोन्ही जगांत त्यांचा शब्द पोहोचत असे. त्यांच्याकडून हे तंत्र घेऊन स्पेनमधल्या मुर्सियाचे मारियानो दे प्रादो यांनी ते युरोपात नेलं. दे प्रादो यांनी एक फार महत्त्वाची गोष्ट केली. बार्सिलोनाचे शरीररचनातज्ज्ञ पाउ गोलानो यांना सोबत घेऊन त्यांनी मृतदेहांच्या पायांवर प्रत्येक छिद्राची वाट तपासली : बर कुठून आत जाईल, कोणती नस किती जवळ आहे, कोणता स्नायूबंध वाचेल. आंधळं म्हणून हिणवलेल्या तंत्राला त्यांनी नकाशा दिला. त्यांचं पुस्तक २००३ मध्ये स्पॅनिशमध्ये निघालं. त्याच सुमाराला फ्रान्समध्ये, तेही बोर्डोतच, सर्जनांनी या शस्त्रक्रियेसाठी अभ्यासगट उभा केला.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर हे दिसतं असं. घोट्यापाशी इंजेक्शनं देऊन पाऊल बधिर केलेलं. पावलावर, बोटाच्या मुळाच्या किंचित मागे, टोकदार पात्याने केलेलं बारीक छिद्र. त्यातून दोन मिलिमीटर जाडीचा, बारा मिलिमीटर लांबीचा बर हाडाच्या मानेपर्यंत जातो. सर्जन हात लेखणी धरल्यासारखा धरतो आणि पडद्यावरच्या एक्स-रे चित्रात टोक कुठे आहे ते पाहतो. बर ताकदीने पण कमी वेगाने फिरवायचा, नाहीतर उष्णतेने हाडच जळतं, म्हणून वरून सलाइनची धार चालू असते. छिद्रातून पेस्टसारखा पांढरट, ओलसर चुरा बाहेर येतो. हाड साधारण ४५ अंशांत, सांध्याला न दुखावता कापलं जातं. समोरची बाजू सुटल्याचं हाताला कळतं, तेव्हा काम संपतं. दुसरं, तिसरं आणि चौथं हाड बहुधा एकाच वेळी कापतात. एकच कापलं तर भार शेजाऱ्याकडे सरकतो, हा हेलाल यांच्या काळात शिकलेला धडा.

स्क्रू लागत नाही. पट्टी बांधून, कडक तळव्याची चप्पल घालून रुग्ण त्याच दिवशी पाय टेकतो. कापलेली तिन्ही डोकी पुढचे काही आठवडे चालण्याच्या दाबाखाली आपापली उंची शोधतात. हेलाल यांनी चालण्यावर सोपवलेलं काम इथे पुन्हा त्याच्याकडेच आलं. फरक एवढाच की आजूबाजूचे स्नायूबंध आता शाबूत असतात आणि डोक्याला पलीकडे घसरू देत नाहीत.

या पद्धतीचं कौतुक करताना तिची उणीव लपवणं बरं नाही. २०११ मध्ये फ्रान्समधल्या सर्जनांनी वाइल आणि ही छिद्राची शस्त्रक्रिया अशा ७२ केसेसची तुलना केली. दुखणं कमी होण्यात दोन्ही जवळजवळ सारख्याच निघाल्या, सूज मात्र छिद्रवाल्यांत जास्त आणि बराच काळ टिकली. लहान छिद्र म्हणजे लहान शस्त्रक्रिया, असा गैरसमज रुग्णांत फार आहे. आत हाड तुटलेलंच असतं, तेही तीन ठिकाणी.

भारतात चवड्यावरच्या दाबाचा प्रश्न आणखी कठोर रूपात पुढे आला. वेल्लोरला १९४६ मध्ये आलेल्या पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांचा अभ्यास केला. त्यांनी दाखवून दिलं की तळव्याच्या जखमा रोगाने मांस कुजल्यामुळे होत नाहीत. त्याच जागी पुन्हा पुन्हा पडणारा दाब रुग्णाला कळत नाही, म्हणून त्या होतात. त्या कामातून मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराच्या चपला आल्या. आज मधुमेहाने बधिर झालेल्या पायांसाठी महाराष्ट्रातही त्या सर्रास सुचवल्या जातात. चपलेने भागलं नाही, घट्ट्याखाली जखम भरेना, तर जास्त दाबणारं डोकं वर उचलायला आता काही सर्जन हीच छिद्राची वाट धरतात.

काही महिन्यांनंतर काढलेल्या एक्स-रेत कापलेल्या जागी जाडसर पांढरा गोळा दिसतो. काही पायांत तो घट्ट व्हायला बराच वेळ लागतो, म्हणून पहिलं चित्र पाहून घाबरलेल्या रुग्णाला डॉक्टर आधीच सांगून ठेवतात. तोवर तळव्याकडे पाहिलं तर घट्टा पातळ होऊ लागलेला असतो, आणि चप्पल झटकण्यासाठी थांबण्याची सवयही हळूहळू सुटत असते.