गर्भपातविषयक कायदा, भारतातील

गर्भाशयाबाहेर जगण्याची क्षमता येण्यापूर्वी गर्भ बाहेर पडणे वा काढला जाणे म्हणजे गर्भपात. तो आपोआप घडल्यास केवळ वैद्यकाचा विषय ठरतो. हेतुपुरस्सर घडविल्यास कायदा व नीती यांचे प्रश्न उद्‌भवतात. भारतीय कायद्याने या प्रश्नांच्या निर्णयाचा भार प्रामुख्याने डॉक्टरांवर टाकला आहे.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ३१२ व्या कलमान्वये स्त्रीचा जीव वाचविण्याच्या सद्‌हेतूखेरीज गर्भपात घडविणे हा गुन्हा होता. तो स्वतः घडवून आणणारी स्त्रीही शिक्षेस पात्र असे. साहजिकच गर्भपात चोरून होत व अनेक स्त्रिया अप्रशिक्षित व्यक्तींच्या हाती प्राणास मुकत. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी १९६४ मध्ये महाराष्ट्रातील मंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशींवर आधारलेला वैद्यकीय गर्भपात अधिनियम १९७१ मध्ये संमत झाला व १ एप्रिल १९७२ पासून अंमलात आला.

या अधिनियमाने स्त्रीला गर्भपाताचा हक्क दिला नाही. विहित परिस्थितीत तो करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरास शिक्षेपासून संरक्षण दिले. बारा आठवड्यांपर्यंत एका, तर वीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे सद्‌भावपूर्वक बनविलेले मत आवश्यक होते. प्रौढ स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी मानली गेली. पतीच्या संमतीची अट नव्हती. तथापि संमती तिची असली, तरी अंतिम निर्णय डॉक्टरांच्या मतावर अवलंबून राहिला. जागतिक वैद्यक संघटनेच्या १९७० च्या ऑस्लो घोषणेनुसार सदसद्‌विवेकबुद्धीस न पटल्यास डॉक्टरास माघार घेता येते. मात्र दुसऱ्या पात्र डॉक्टराकडून रुग्णाची सेवा चालू राहील, हे त्याने पाहिले पाहिजे.

पुढे गर्भलिंगनिदानाच्या गैरवापरामुळे स्त्रीगर्भाची हत्या होऊ लागली. तीस आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये व केंद्राने १९९४ मध्ये स्वतंत्र कायदे केले. गर्भपाताची मुभा व लिंगनिवडीस बंदी या दोहोंचे पालन करणे हे डॉक्टरांचे दुहेरी उत्तरदायित्व ठरले.

प्रजननविषयक निवड हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले. २०२१ च्या दुरुस्तीने विशिष्ट गटांतील स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांपर्यंत वाढविली आणि स्त्रीची ओळख गुप्त ठेवण्याचे बंधन डॉक्टरांवर घातले. गर्भात गंभीर विकृती असल्यास चोवीस आठवड्यांनंतरचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे सोपविण्यात आला. २०२२ मध्ये न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही वाढीव मर्यादेचा लाभ दिला. दंडसंहितेची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेत मात्र गर्भपात हा गुन्हा कायम आहे. त्यामुळे स्त्रीच्या इच्छेस न्यायालयीन मान्यता लाभूनही तिची वाट डॉक्टरांच्या मतातूनच जाते. शिक्षेच्या भयाने दिलेला नकार तिला पुन्हा अप्रशिक्षित हातांकडे ढकलू शकतो. म्हणूनच डॉक्टरांच्या सद्‌भावाची कसोटी नकार देतानाही लागते.