गुंगी उतरली, तरी सावध राहा!

एन्डोस्कोपी, कोलोनोस्कोपी किंवा दाढेच्या शस्त्रक्रियेसाठी हल्ली रुग्णालयात मुक्काम करावा लागत नाही. शिरेतून गुंगीचे औषध दिले जाते आणि रुग्ण काही तासांतच घरी जातो. तो डोळे उघडून बोलू लागला की औषधाचा अंमल संपला, असे नातेवाइकांना वाटते. हा समज धोक्याचा आहे.

यासाठी वापरल्या जाणाऱ्या मिडॅझोलमचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यासच साधारण दोन ते तीन तास लागतात. वृद्धांमध्ये त्याहून अधिक. डायझेपामच्या बाबतीत हा काळ एक ते दोन दिवसांचा असू शकतो. झोप उडाली तरी तोल, हालचालींतील चपळता व निर्णयशक्ती मंदावलेलीच असते. स्मरणावरही परिणाम होतो. डॉक्टरांच्या सूचनांना मान डोलावणाऱ्या रुग्णाला घरी पोहोचल्यावर त्यातले काहीच आठवत नाही. म्हणूनच सूचना लेखी हव्यात आणि सोबतच्या व्यक्तीलाही समजावून सांगायला हव्यात.

रुग्णाच्या सुधारणेचे मोजमाप करण्यासाठी डॉ. आल्ड्रेटी यांनी १९७० मध्ये गुणपद्धती मांडली. हालचाल, श्वसन, रक्तदाब, शुद्ध व त्वचेचा रंग यांना प्रत्येकी शून्य ते दोन गुण दिले जात. १९९५ मध्ये रंगाऐवजी रक्तातील प्राणवायूचे प्रमाण विचारात घेतले गेले. घरी सोडताना चालणे, मळमळ, वेदना व रक्तस्राव हेही पाहतात. दहापैकी किमान नऊ गुण अपेक्षित असतात. मात्र हे गुण निर्णयशक्ती मोजत नाहीत. त्यामुळे घरी जाण्यास योग्य ठरलेला रुग्ण वाहन चालविण्यास योग्य असतोच असे नाही.

गुंगी उतरविण्यासाठी फ्लुमाझेनिल दिले असल्यास अधिक दक्षता हवी. त्याचा प्रभाव मिडॅझोलमच्या आधी ओसरतो आणि रुग्ण पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. अशा वेळी सुमारे दोन तास जादा देखरेख आवश्यक असते.

घरी गेल्यावर २४ तास पुढील पथ्ये पाळावीत :

* वाहन वा यंत्र चालवू नये. एकट्याने प्रवास करू नये.
* मद्य व झोपेच्या गोळ्या टाळाव्यात.
* महत्त्वाच्या कागदपत्रांवर सही करू नये.
* जबाबदार प्रौढ व्यक्ती सोबत असावी.

रुग्णाला हाका मारूनही जाग येत नसेल, श्वास मंदावला असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर क्षणाचाही विलंब न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.