‘गजा’नंतरचा अंधार : कावेरी त्रिभुज प्रदेशातील गावे आणि खंडित वीजपुरवठा

बंगालच्या उपसागरात निर्माण झालेले ‘गजा’ हे तीव्र चक्रीवादळ १६ नोव्हेंबर २०१८ रोजी मध्यरात्रीनंतर तामिळनाडूच्या नागपट्टिणम आणि वेदारण्यम यांदरम्यान किनाऱ्यावर धडकले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने नागपट्टिणम, तिरुवारूर, तंजावर आणि पुदुकोट्टई या जिल्ह्यांत मोठी हानी झाली. वादळ काही तासांत पश्चिमेकडे सरकले, मात्र त्याने कोसळलेले विजेचे जाळे पुन्हा उभे राहण्यास अनेक गावांत कित्येक आठवडे लागले.

हवामान विभागाने पूर्वसूचना दिली होती आणि ८० हजारांहून अधिक लोकांना निवारा केंद्रांत हलविण्यात आले होते. तरीही ६० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. चक्रीवादळाला दिलेले, हत्ती असा अर्थ असलेले ‘गजा’ हे नाव श्रीलंकेने सुचविले होते.

नारळ, कालवा आणि विजेचा पंप

व्यंकोजीराजे भोसले यांच्या घराण्याची राजधानी म्हणून मराठी वाचकांना परिचित असलेला तंजावर जिल्हा भातशेतीसाठी प्रसिद्ध आहे. वादळाचा सर्वाधिक फटका मात्र जिल्ह्याच्या दक्षिणेकडील पट्टुकोट्टई, पेरावुरणी आणि ओरत्तनाडू या तालुक्यांना बसला. मेट्टूर धरण १९३४ मध्ये पूर्ण झाले, त्याच सुमारास कल्लणै बंधाऱ्यापासून काढलेल्या नव्या कालव्याने या भागात कावेरीचे पाणी आले. टोकाच्या गावांपर्यंत ते पाणी खात्रीने पोहोचत नसल्याने पुढे अनेक शेतकरी विंधनविहिरींच्या आधारे नारळाकडे वळले. राज्यात शेतीपंपांना वीज मोफत मिळते. परिणामी बाग, पिण्याचे पाणी आणि घरातील दिवा ही तिन्ही एकाच वीजवाहिनीवर अवलंबून राहिली. ती तुटली, तेव्हा तिन्ही एकाच वेळी थांबली.

दिव्यापेक्षा पाण्याची टंचाई

वादळात एक लाखाहून अधिक विजेचे खांब पडले अथवा मोडले. उपकेंद्रे, रोहित्रे आणि उच्चदाब वाहिन्यांचीही हानी झाली. उन्मळलेले नारळ तारांवर आणि रस्त्यांवर आडवे पडल्याने दुरुस्तीसाठी गावात शिरणेही कठीण झाले.

ग्रामस्थांची पहिली अडचण अंधाराची नव्हे, तर पाण्याची होती. उंच टाक्यांत पाणी चढविणारे पंप बंद पडले होते. अनेक गावांत वर्गणी काढून भाड्याने जनित्रे आणण्यात आली आणि त्यांवर टाकी भरून पाणी वाटण्यात आले. मोबाइल मनोरे बंद असल्याने नातेवाइकांशी संपर्क तुटला. पुढे जनित्रावर फोन चार्ज करून घेण्यासाठीही पैसे मोजावे लागले. मेणबत्त्या, दूध आणि डिझेल यांची टंचाई भासू लागली. मदतीला विलंब होत असल्याच्या तक्रारी करीत ठिकठिकाणी ‘रास्ता रोको’ झाले.

तामिळनाडूच्या वीज वितरण महामंडळाने इतर जिल्ह्यांतून कर्मचारी बोलाविले. केरळसह शेजारच्या राज्यांतूनही पथके आली. सांबा हंगामातील भातखाचरे पाण्याने भरलेली असल्याने तेथे यंत्रे नेणे शक्य नव्हते. सिमेंटचे जड खांब कर्मचाऱ्यांनी आणि ग्रामस्थांनी खांद्यावर घेऊन चिखलातून वाहून नेले. आधी उपकेंद्रे, मग शहरे, त्यानंतर गावठाण आणि सर्वात शेवटी शेतीपंप या क्रमाने पुरवठा सुरू झाला. त्यामुळे वाऱ्यातून वाचलेल्या झाडांना आणि नव्या रोपांना पाणी मिळण्यास सर्वाधिक विलंब झाला.

मदत आणि तिची मर्यादा

मुख्यमंत्री एडप्पाडी के. पलानीस्वामी यांनी २२ नोव्हेंबर रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची भेट घेऊन सुमारे १५ हजार कोटी रुपयांची मागणी केली. केंद्राने ३१ डिसेंबर रोजी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीतून १,१४६.१२ कोटी रुपये मंजूर केले. राज्य सरकारने पडलेल्या प्रत्येक नारळाच्या झाडासाठी ६०० रुपये भरपाई आणि ते हटविण्यासाठी ५०० रुपये, असे १,१०० रुपये जाहीर केले.

उंच जातीच्या नारळाला फळ धरण्यास साधारण सहा ते सात वर्षे लागतात. तोवर उत्पन्नाविना कर्ज कसे फेडायचे, हा प्रश्न या मदतीने सुटला नाही. कुजणारी खोडे वेळीच न हटविल्यास त्यांत गेंड्या भुंगा वाढतो आणि उरलेल्या बागेलाही धोका निर्माण होतो.

वारा, बर्फ आणि वीजवाहिन्या

वीजवाहिन्या कोसळण्याचे कारण प्रदेशानुसार बदलते. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्युबेक प्रांतात अनेक दिवस गोठणारा पाऊस पडला. तारांवर साचलेल्या बर्फाच्या भाराने एक हजाराहून अधिक मनोरे कोसळले. लाखो लोक अंधारात राहिले आणि काही भागांत महिनाभर वीज आली नाही. तेथे वीज जाताच घरातील ऊब गेली, तर कावेरीच्या मुखाकडील गावांत पाणी गेले. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन परिसरात धडकलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर कोकणातील नारळ-सुपारीच्या बागायतदारांनीही असाच अनुभव घेतला. तेथेही कित्येक गावे दीर्घकाळ विजेविना होती.

या अनुभवांतून भूमिगत वाहिन्यांची मागणी पुढे आली आहे. तामिळनाडूत जागतिक बँकेच्या साहाय्याने कडलूर, नागपट्टिणम आणि वेलंकन्नी येथे अशी कामे हाती घेण्यात आली. त्यांचा खर्च मोठा असल्याने विखुरलेल्या वस्त्यांना आणि शेतीपंपांना ही सोय सहजासहजी मिळणारी नाही. अशा गावांसाठी पाणीपुरवठ्याच्या पंपाला स्वतंत्र जनित्र अथवा सौरऊर्जेची जोड, खांबांचा जवळच केलेला साठा आणि वाहिन्यांलगतच्या झाडांची वेळेवर छाटणी हे तुलनेने कमी खर्चाचे उपाय आहेत. वादळ येण्यापूर्वी लोकांना हलविण्याची व्यवस्था ‘गजा’च्या वेळी होती. लोक गावी परतल्यानंतर पहिल्याच दिवशी त्यांना पाणी कोठून मिळेल, याची तजवीज मात्र बहुतेक गावांना स्वतःच करावी लागली.