हुसेन यांची ‘ग्रामयात्रा’ : सात दशके नजरेआड राहिलेले गाव

१/ १९ मार्च २०२५. न्यूयॉर्कमधील क्रिस्टीजच्या लिलावात एका तैलचित्राला सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलर, म्हणजे जवळपास ११८ कोटी रुपये मिळाले. आधुनिक भारतीय चित्राला लिलावात तोवर एवढी किंमत कधीच आली नव्हती. चित्र ‘ग्रामयात्रा’, चित्रकार मकबूल फिदा हुसेन, साल १९५४.

२/ हुसेन यांचा जन्म १९१५ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूरचा. आई लहानपणीच वारली आणि वडिलांसोबत ते इंदूरला गेले. पुढे मुंबईत त्यांनी सिनेमाचे फलक रंगवून पोट भरले. १९४७ मध्ये ते सूझा आणि रझा यांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये आले.

३/ चित्र रंगवले गेले, तेव्हा पहिली पंचवार्षिक योजना (१९५१–५६) सुरू होती. शेती आणि पाटबंधारे यांना तिच्यात अग्रक्रम होता. नव्या राष्ट्राचे भवितव्य खेड्यात घडणार, असा तो काळाचा विश्वास होता.

४/ सुमारे १४ फूट रुंदीच्या या चित्रात १३ चौकटी आहेत. स्वयंपाक करणाऱ्या, मुले सांभाळणाऱ्या, गाडीतून जाणाऱ्या स्त्रिया त्यांत दिसतात. एका चौकटीत शेतकरी उभा आहे. त्याचा हात चौकट ओलांडून शेजारच्या शेताच्या चित्रात शिरतो, जणू जमीन त्यानेच तोलून धरली आहे.

५/ युरोपातील ब्रूगेलचे ‘बर्फातले शिकारी’ (१५६५) हे हिवाळी चित्र आठवावे. तिथे पाहणारा टेकडीवर उभा राहून खालचे गाव एका नजरेत पाहतो. हुसेन यांनी अशी टेकडीच ठेवलेली नाही. चौकटीमागून चौकट पाहत गावातून चालावे लागते. ‘यात्रा’ या शब्दावरून मराठी वाचकाला गावची जत्रा आठवेल. इथे मात्र यात्रा आहे ती रोजच्या कामांची.

६/ जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत आलेले नॉर्वेवासी डॉक्टर लिऑन इलायस व्होलोदार्स्की यांनी १९५४ मध्येच हे चित्र विकत घेतले. १९६४ मध्ये ते ऑस्लोच्या रुग्णालयाकडे गेले. भारतीय उन्हातले हे गाव बर्फाच्या देशातील एका रुग्णालयात भिंतीवर राहिले. विक्रीचा पैसा तेथील डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी ठरला.

७/ या काळात भारतात हुसेन ओळखले गेले ते घोड्यांमुळे, अनवाणी पायांमुळे आणि अखेरच्या वर्षांत वादांमुळे. २०११ मध्ये लंडनला त्यांचे निधन झाले. ‘ग्रामयात्रे’शी नाते सांगणारे त्यांचे ‘जमीन’ (१९५५) दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. चित्रकाराविषयी मत बनवण्यापूर्वी ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. वादांच्या कितीतरी आधी त्यांनी शेतकऱ्याच्या हातावर देश तोललेला दाखवला होता.