चारित्र्याला गुण किती?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेचा दाखला काढून पाहावा. जन्मतारीख, जात, आधीची शाळा, मग 'अभ्यासातील प्रगती' आणि तिच्या शेजारी 'वर्तणूक'. त्या रकान्यात 'चांगली' असं लिहिलेलं असतं. बाकं मोडणाऱ्याच्या दाखल्यावरही तेच आणि वर्षभर तोंड न उघडणाऱ्याच्या दाखल्यावरही तेच. जूनमध्ये दाखल्यांचा गठ्ठा भरायला बसलेले गुरुजी यावर फार विचार करत नाहीत. करूही नये, नाहीतर दिवाळीपर्यंत दाखले मिळायचे नाहीत. पण मुलाच्या चारित्र्याचा शेरा कागदावर मारता येतो, हे त्या रकान्याने गृहीत धरलेलं असतं. खरोखरच तो मारता येतो का, हे तपासायचा सर्वांत मोठा उद्योग शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत झाला.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिथे चारित्र्यघडणीची लाटच आली होती. गावं ओस पडत होती, शहरं फुगत होती, परदेशातून आलेल्या कुटुंबांची मुलं शाळांत भरत होती, आणि मुलांना वळण लावायचं कुणी, हा प्रश्न जो तो विचारत होता. १९१७ मध्ये मुलांसाठी उत्तम नीतिसंहिता लिहिणाऱ्याला पाच हजार डॉलरचं बक्षीस होतं. ते विल्यम हचिन्स यांनी पटकावलं. त्यांच्या संहितेत दहा नियम होते : संयम, आरोग्य, दयाळूपणा, खिलाडूपणा, स्वावलंबन, कर्तव्य, विश्वासूपणा, सत्य, चोख काम आणि सहकार्य. हे नियम शाळाशाळांत पोचले. कुठे त्यांचे तक्ते लागले, कुठे त्यांवर मंडळं निघाली.

आता एवढा खटाटोप चालला आहे तर त्याचा उपयोग किती, हे कुणीतरी विचारणारच. रॉकफेलरच्या पैशावर चालणाऱ्या एका धार्मिक-सामाजिक संशोधनसंस्थेने विचारलं. १९२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात काम सुरू झालं. ते दोघांवर सोपवलं होतं : धर्मशिक्षणातले ह्यू हार्टशोर्न आणि मानसशास्त्रज्ञ मार्क मे. पाच वर्षं ते चाललं. आठ ते सोळा वयाची सुमारे अकरा हजार मुलं तपासली गेली आणि १९२८ ते १९३० या काळात तीन जाडजूड खंड बाहेर पडले.

दोघांनी एक गोष्ट पहिल्यापासून ठरवली होती. 'खोटं बोलणं वाईट का?' असं मुलांना विचारण्यात अर्थ नाही. उत्तर सगळ्यांना पाठ असतं. मोहाची संधी समोर ठेवायची आणि मूल काय करतं ते गुपचूप पाहायचं. त्यासाठी त्यांनी लढवलेल्या युक्त्या मासलेवाईक आहेत. एका कागदावर लहानमोठी वर्तुळं छापलेली असत. मुलाने ती नीट बघून घ्यायची, डोळे मिटायचे आणि प्रत्येक वर्तुळात पेन्सिलीने आकडा लिहायचा. खरोखर डोळे मिटले तर किती वर्तुळं साधतात, हे आधी तपासून ठेवलेलं होतं. एखाद्याची सगळी वर्तुळं बिनचूक भरली, की तो डोळ्यांच्या फटीतून बघत होता हे वेगळं सांगायला नको. दुसऱ्या युक्तीत मुलांचे पेपर गोळा करून त्यांची नक्कल काढून ठेवत. दुसऱ्या दिवशी मूळ पेपर आणि उत्तरसूची मुलांच्याच हाती द्यायची : तपासा आपले आपण. रात्रीची नक्कल आणि सकाळचे गुण यांत जी तफावत पडेल ती लबाडीची. तिसऱ्या खेळात प्रत्येकाला कोड्यांची एक डबी मिळे, तिच्यात दहा सेंटचं एक नाणं असे. खेळ संपला की डबी पुढे नेऊन ठेवायची. कुठली डबी कुणाची, याची खूण गुरुजींकडे असे. मुलांना त्याचा पत्ता नसे.

मुलांची फसवणूक मोजण्यासाठी मोठ्या माणसांनी मुलांना असं पद्धतशीर फसवलं. आज कुठल्याही विद्यापीठाच्या नैतिकता समितीने हा आराखडा दारातूनच परत पाठवला असता.

निकाल लागले आणि चारित्र्यवाल्यांची पंचाईत झाली. प्रामाणिक मुलं एका बाजूला आणि लबाड मुलं दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी होईना. पेपर तपासताना गुण वाढवणारा मुलगा नाणं मात्र इमानदारीत परत करी. वर्गात सरळ वागणारी मुलगी घरी दिलेल्या परीक्षेत पुस्तक उघडे. एका प्रकारच्या परीक्षेतलं वागणं आणि दुसऱ्या प्रकारच्या परीक्षेतलं वागणं यांचा सहसंबंध सरासरी ०.२३ च्या आसपास निघाला, म्हणजे अगदीच क्षीण. योग्य काय, अयोग्य काय हे ज्याला छान सांगता येई, तो तसंच वागेल याचीही खात्री नव्हती. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला नेमाने जाणारी मुलं आणि अधूनमधून डोकावणारी मुलं यांत फरक सापडला नाही. प्रामाणिकपणा शिकवणाऱ्या एका मुलांच्या संघटनेत तर जितकं सभासदत्व जुनं आणि जितकी पायरी वरची, तितकी लबाडी थोडी जास्तच.

फरक सापडला तो वर्गावर्गांत. एकाच शाळेतले दोन वर्ग वेगळे वागत. एकाच वर्गातली दोस्तमंडळी सारखी वागत. जिथे शिक्षक आणि मुलं यांचं सूत जमलेलं होतं, नव्या पद्धतीने शिकवणं होतं, तिथे फसवाफसवी कमी. नुसता आदर्शांचा उपदेश केल्याने वागणं बदलेलच असं नाही, असा निष्कर्ष दोघांनी काढला. त्यांची आकडेमोड अंतिम मानू नये, हेही खरं. १९६३ मध्ये रॉजर बर्टन यांनी हीच माहिती पुन्हा तपासली, तेव्हा निरनिराळ्या परीक्षांमागे प्रामाणिकपणाचा एक समान धागा, बारीक का होईना, आहे असं त्यांना दिसलं. तरी मूळ अभ्यासाचा दणका मोठा होता. पुढच्या काही दशकांत अमेरिकी शाळांतली नीतिसंहितांची हवा ओसरली.

ती पुन्हा भरली शतकाच्या अखेरीस, आणि या वेळी शिक्षणखात्याच्या अनुदानासह. मग पुन्हा तोच प्रश्न. अमेरिकी शिक्षणखात्याच्या संशोधनसंस्थेने सात वेगवेगळे कार्यक्रम निवडले. 'पॉझिटिव्ह अॅक्शन', 'सेकंड स्टेप', 'पाथ्स' ही त्यांतली नावं. ८४ प्राथमिक शाळा घेतल्या आणि कुठल्या शाळेत कार्यक्रम राबवायचा, कुठल्या शाळेत नाही, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. २००४ मध्ये तिसरीत असलेली मुलं पाचवीपर्यंत पाहिली. मुलं, पालक, शिक्षक, सगळ्यांना विचारून वीस निकषांवर तुलना केली. २०१० चा अहवाल सांगतो : सरासरीने काहीही फरक नाही.

या शून्याची चिरफाड मात्र केली पाहिजे. ज्या शाळांना कार्यक्रम दिला नव्हता, त्या काही हातावर हात धरून बसल्या नव्हत्या. तिथेही भांडणं मिटवायचे, सद्गुणांचे काही ना काही उपक्रम सुरूच होते. तेव्हा तुलना 'कार्यक्रम' आणि 'काहीच नाही' यांत झालीच नाही. दुसरीकडे 'पॉझिटिव्ह अॅक्शन'च्याच हवाईतल्या वीस शाळांच्या चाचणीत गैरहजेरी घटल्याचं आणि गुण वाढल्याचं दिसलं. त्या अभ्यासाच्या एका लेखकाच्या जोडीदाराचे हा कार्यक्रम विकणाऱ्या कंपनीत आर्थिक हितसंबंध होते. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही, निबंधातच छापली. वाचणाऱ्याने काय ते ठरवावं.

आपल्याकडे हा वाद या अमेरिकी अभ्यासांच्याही आधीचा आहे. १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगाने कॉलेजांसाठी नीतीचं पाठ्यपुस्तक तयार करावं अशी शिफारस केली, तेव्हा आयोगाचे सभासद काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी स्वतंत्र टिपण जोडून विरोध नोंदवला. पुस्तकाने नीती येते का, या शंकेला मुंबई इलाख्यात इतका जुना वारसा आहे. तरीही नव्वदच्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्राच्या शाळांत मूल्यशिक्षण आलं, आणि योगायोग असा की इथेही मूल्यं दहाच : श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता यांपासून नीटनेटकेपणा आणि वक्तशीरपणापर्यंत. परिपाठात सुविचार, बोधकथा, दिनविशेष. फळ्याच्या कोपऱ्यात रोज नवा सुविचार लिहायची पाळी ज्याच्यावर येई, त्याचं अक्षर तरी सुधारलं.

२०१० नंतर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि गुरुजींच्या वहीत 'वर्णनात्मक नोंदी' सुरू झाल्या. प्रत्येक मुलाचं निरीक्षण करून त्याच्याविषयी चार ओळी लिहायच्या, ही कल्पना सुरेखच. पण साठ मुलांचा वर्ग, त्यात जनगणना, निवडणूक आणि खिचडीचा हिशेब. लवकरच तयार नोंदींच्या पुस्तिका मिळू लागल्या, मग पीडीएफ. 'वर्गमित्रांना मदत करतो', 'शालेय उपक्रमात हिरिरीने भाग घेतो' अशा ओळी गावोगावच्या मुलांच्या नावापुढे जशाच्या तशा उमटल्या. दाखल्यावरचं 'चांगली' थोडं लांबलं, एवढंच. दोष गुरुजींचा नाही. मूल्यमापन मुलाचं मागितलं आणि वेळ मात्र कागदालाही पुरेना, तिथे दुसरं काय होणार?

हार्टशोर्न-मेंच्या निष्कर्षाशी जास्त जुळणारा प्रयोग २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत सुरू झाला. शांतिलाल मुथा यांच्या संस्थेचा हा 'मूल्यवर्धन' कार्यक्रम पुढे राज्य सरकारच्या साथीने इतर जिल्ह्यांत गेला. त्यात बोधकथेपेक्षा जोडीने आणि गटात करायच्या कृतींवर भर आहे, म्हणजे वर्ग कसा चालतो ते बदलायचा प्रयत्न. अशा कार्यक्रमाचं मोजमाप करायचं तर एकेका मुलाला शेरा देऊन भागणार नाही. वर्गात कोण बोलतं, कोण ऐकतं, मागच्या बाकापर्यंत पाळी पोचते का, हे कुणीतरी बसून पाहावं लागेल. तसं करायला माणसं लागतात, आणि शिक्षणाच्या अंदाजपत्रकात पहिली कात्री माणसांवर चालते.

नव्या शैक्षणिक धोरणाने आता समग्र प्रगतिपत्रक आणलं आहे. त्यात शिक्षकांच्या जोडीला मुलाने स्वतःचं आणि सोबत्यांनी त्याचं मूल्यमापन करायचं आहे. सोबत्यांना विचारायची युक्ती हार्टशोर्न-मे यांनीही वापरली होती. 'ओळखा पाहू कोण' नावाच्या त्या कागदावर छोटी छोटी वर्णनं असत, आणि मुलांनी प्रत्येकापुढे वर्गातल्या कुणाचं तरी नाव लिहायचं असे. फरक इतकाच की तो कागद संशोधकांच्या कपाटात जाई. प्रगतिपत्रक घरी जातं, आणि त्यावर पालकांची सही लागते.