जव्हार-मोखाड्याचे संकट मोजावे कसे?

नैसर्गिक आपत्ती म्हटली की भूकंप आणि महापूर डोळ्यांपुढे येतात. 2018 च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे धरणीकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा साऱ्या पालघर जिल्ह्याने धास्ती घेतली. पण जव्हार-मोखाड्याचे जुने दुखणे निराळेच आहे.

जव्हार हे 1948 पर्यंत मुकणे राजांचे संस्थान. मुलूख डोंगराळ, पाऊस दांडगा, साधारण शंभर इंचांच्या घरातला. मात्र काळ्या कठीण खडकात पाणी मुरत नाही. उतारावरून ते नदीला मिळते. वैतरणेच्या धरणांतले पाणी मुंबई पिते, आणि मोखाड्याचे पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात!

टंचाई ठरवायचे आपले जुने माप म्हणजे आणेवारी, पिकाचा अंदाज. पुढे पैसेवारी 50 पैशांखाली गेली की टंचाई, असा दंडक पडला. भात, नाचणी, वरई बरी आली की कागद खूष. वैशाखातली कोरडी विहीर त्या मापात बसायची कुठे? भाद्रपदात जुने धान्य संपलेले, नवे अजून शेतात. त्या दिवसांत चुलीवर काय शिजते, ते तरी कुठे नोंदवतात? 1992 साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला मुले दगावली, ती पुराने नव्हे, कुपोषणाने आणि आजाराने.

शिक्षकांपाशी मात्र एक चांगले माप आहे: हजेरीपट. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर निघाले की मुलांच्या नावांपुढे गैरहजेरी पडू लागते. विहीर आटल्याची तारीखही त्याच पानावर लिहून ठेवावी.