व्यवसाय कर आणि रोजगार हमी

पुणे शहरात स्थायिक झालेल्या आपल्या पगारदार ज्ञातिबांधवांपैकी बहुतेकांच्या वेतनातून दरमहा दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. वर्षाकाठी अडीच हजारांची ही कपात मुळात कशासाठी सुरू झाली, असे विचारले असता फारच थोड्यांना उत्तर देता येईल. स्मरणिकेत आपण प्रतिवर्षी देणगीदारांची नावे छापतो. या देणगीची नोंद मात्र कोठेच होत नाही, म्हणून तिचा इतिहास येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

मूळ कल्पना तासगावची. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती श्री. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये, कष्ट करू इच्छिणाऱ्यास सरकारने काम दिलेच पाहिजे, हा विचार मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे मांडला. आणि तासगाव तालुक्यात विसापूरच्या परिसरात त्याचा प्रयोग झाला. दुष्काळी काम सरकारच्या मर्जीने निघते. हमीचे काम मजुराच्या मागणीने निघावयास हवे. एवढाच भेद, परंतु सर्व मर्म त्यातच आहे.

१९७२ मध्ये योजना राज्यभर लागू होते न होते तोच महादुष्काळ कोसळला. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. कामे राज्य सरकार काढी. पण हाती मजुरी पडली तरी बाजारात धान्य नव्हते, आणि त्यासाठी दिल्लीकडे पाहावे लागे. परदेशातून आणविलेली तांबडी मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी ज्यांनी खाल्ली, त्या वडीलधाऱ्यांना त्यांची चव अद्याप आठवत असेल. इंदापूर, दौंड, बारामती, शिरूर या बाजूंनी पुण्यास आलेल्या कित्येक घरांत हा काळ आज बोलला जात नाही. आजी खडी फोडावयास जात होती हे नातवंडांना सांगण्याचा संकोच वाटतो. आम्हांस हे मौन मान्य नाही. ती घामाची मजुरी होती, आणि त्या हातांनी खोदलेले पाझर तलाव व बांधलेले रस्ते पुढे गावांच्या उपयोगी पडले.

दुष्काळ सरला, तेव्हा हमी टिकवावयाची तर पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न उभा राहिला. १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कराचा कायदा केला व त्याचे उत्पन्न या कार्यास लावले. बागायती जमिनीवरील कर, विक्रीकरावरील अधिभार अशी आणखी साधने जोडली, आणि या करांतून जितके जमेल तितकीच भर राज्याच्या तिजोरीने घालावी असे ठरले. शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराच्या रोजगाराचा भार उचलावा, अशी ही व्यवस्था होती. खुद्द हमीचा कायदा १९७७ चा. राष्ट्रपतींची संमती मिळून तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणीपासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास रोजी किमान एक रुपया बेकारी भत्ता त्यात होता. रुपया त्या काळीही थोडाच, परंतु तो हक्काचा होता.

या विचारात पुण्याचाही वाटा आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर व प्रा. नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरील आपल्या ग्रंथात सार्वजनिक कामांद्वारे रोजगाराची हमी देण्याचे प्रतिपादन केले. त्याच संस्थेचे पूर्वीचे संचालक धनंजयराव गाडगीळ हे १९६७ ते १९७१ या काळात नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होते. केंद्राने राज्यांना मदत कोणत्या प्रमाणात द्यावी याचे सूत्र त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

केंद्राने १९७७ मध्ये ‘कामासाठी अन्न’ कार्यक्रम काढला आणि केंद्राच्या कोठारांतील धान्य राज्याच्या हमी कामांवर मजुरीपोटी मिळू लागले. १९८९ च्या जवाहर रोजगार योजनेत केंद्राचे ऐंशी व राज्यांचे वीस टक्के होते. पैसा आला, हमी आली नाही. ती २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने आली, म्हणजे तासगावच्या प्रयोगानंतर चाळीस वर्षांनी! प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षाला शंभर दिवस काम. अकुशल मजुरीचा सर्व खर्च व साहित्याचा पाऊण हिस्सा केंद्राचा. बेकारी भत्ता मात्र राज्याने द्यावयाचा. ज्या राज्यात हमीचा कायदा आधीच आहे त्यास तो चालविण्याची मुभा २८ व्या कलमाने ठेवली होती. महाराष्ट्राने आपला कायदा राखला आणि शंभर दिवसांपुढील मजुरीचा भार स्वतःकडे घेतला. पहिल्या शंभर दिवसांची मजुरी दिल्लीहून येऊ लागली तरी आपल्या वेतनातील कपात थांबली नाही, हेही जाता जाता नमूद करतो.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात दिवस १२५ झाले, आणि महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी खर्चाची वाटणी केंद्र साठ टक्के व राज्य चाळीस टक्के अशी ठरली. राज्याने आपला हिस्सा कोठून काढावयाचा, हा १९७५ चाच प्रश्न आहे. व्यवसाय कर वाढवावा म्हटले तर तेही राज्याच्या हाती नाही. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने त्यावर वार्षिक मर्यादा घातली आहे. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती २५० रुपयांवरून २,५०० रुपये केली, आणि त्यानंतर ती हललेली नाही.